रंगवलेली टेकडी म्हणजे प्रदर्शन नव्हे

मुंबईच्या उपनगरांत समकालीन कला पाहायला जागा नाही, असे म्हटले की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले कलावर्तुळातून येते. ज्याला खरोखर पाहायचे आहे तो काळा घोड्याला येतोच. चित्राला शांत खोली, पांढरी भिंत आणि नेमका उजेड लागतो, तो बोरिवलीच्या मंडईत किंवा घाटकोपरच्या गल्लीत कुठून आणणार? दुसरे उत्तर सरकारी कचेऱ्यांतून, प्रायोजकांकडून आणि उत्साही संस्थांकडून येते. आता कलादालन हवेच कशाला, सगळे शहरच कलादालन झाले आहे. मेट्रोतून घाटकोपरच्या असल्फाची रंगवलेली टेकडी पाहा, स्टेशनांच्या भिंती पाहा, विमानतळ पाहा.

वरवर पाहता ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोन्हींत एकच माणूस गाळला गेला आहे. पहिल्या उत्तरात उपनगरातला रहिवासी प्रेक्षक म्हणून धरलाच जात नाही. दुसऱ्यात त्याच्या घराची भिंत धरली जाते, तो नाही. माझा विरोध दोन्हींना आहे. समकालीन कला उपनगरांत, कलादालनाबाहेरच्या जागांत दाखवली गेली पाहिजे, आणि ती तिथे राहणाऱ्या माणसांसमोर अशी मांडली पाहिजे की त्यांना थांबता येईल, पाहता येईल आणि पटले नाही तर भांडता येईल. जागा किती अनोखी आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी पहिल्या उत्तराकडे वळतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे राहत होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. दर चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरांतले. आणि कला पाहायच्या जागा कुठे आहेत? १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन काळा घोड्याला. १९९६ पासूनचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्याच्या समोर. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय भायखळ्याला. बहुतेक खासगी दालने कुलाबा आणि फोर्ट या दोन मैलांच्या पट्ट्यात. बोरिवलीहून चर्चगेट चौतीस किलोमीटर, मुलुंडहून सीएसएमटी तीसहून अधिक. जहांगीर सकाळी अकराला उघडते आणि संध्याकाळी सातला बंद होते. मुलुंडचा कारकून सहाला कचेरीतून सुटला तर त्याने कुठे जायचे? रविवारी बरीच खासगी दालने बंद असतात आणि रेल्वेचा मेगाब्लॉक चालू असतो. दोन मुलांना घेऊन, दोनदा गाडी बदलून, ज्या खोलीत आपल्याशी कोणी बोलणार नाही अशा खोलीत जायला जो निघत नाही, त्याला ‘दर्दी नाही’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘दर्दी येतोच’ असे मराठी माणसाने तरी म्हणू नये, कारण त्याच्याच नाटकाने ते खोटे पाडले आहे. मराठी नाटकाचा प्रेक्षक गिरगावातून दादरला, दादरहून पार्ल्याला, बोरिवलीला, मुलुंडला आणि ठाण्याला राहायला गेला, तेव्हा नाटक त्याच्यामागे गेले. पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे उभी राहिली, कारण प्रेक्षक जिथे राहतो तिथे प्रयोग व्हायला हवा हे कोणालाही पटवून द्यावे लागले नाही. खरे नाटक पाहायचे असेल तर गिरगावच्या साहित्य संघातच या, असे कोणी म्हटले असते तर मराठी रंगभूमी केव्हाच संपली असती. चित्रकलेने आणि शिल्पकलेने ही वाट धरलीच नाही. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की कलावंत स्वतः मात्र उत्तरेकडे सरकत गेले. जेजे कलाशाळेतून बाहेर पडलेली किती तरी मुले अंधेरी-गोरेगावात सिनेमाचे सेट उभारतात, बोरिवली-विरारला राहतात, आणि वर्षानुवर्षे जहांगीरच्या तारखेची वाट पाहत बसतात. चित्र विरारला तयार होते, टेम्पोत घालून काळा घोड्याला नेले जाते, आठवडाभर टांगले जाते आणि परत विरारला येते. वाटेतल्या साठ किलोमीटरांत राहणाऱ्या कोणालाही ते दिसत नाही.

आता पांढऱ्या भिंतीचा मुद्दा. तो हलका नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. पावसाळ्यात मुंबईत कागदावर बुरशी चढते, कॅनव्हास सैल पडतो, ट्यूबलाइटखाली रंग मरतात. जलरंगाचे नाजूक काम जुलैमध्ये मंडईच्या माळ्यावर टांगू नये, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. पण या अडचणीतून ‘कलेची जागा कलादालनच’ असा नियम निघत नाही. पांढरी, रिकामी, खिडकी नसलेली खोली ही चित्रकलेची मूळ जागा नव्हे. युरोपातल्या सलोंमध्ये चित्रे जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक लावलेली असत. पांढऱ्या भिंतीची चाल विसाव्या शतकातली. ब्रायन ओडोहर्टी या आयरिश कलावंत-समीक्षकाने १९७६ साली लेखमाला लिहून दाखवून दिले की ही खोली तटस्थ नसते. ती वस्तूला बाहेरच्या जगापासून तोडते, तिला पावित्र्य देते आणि बघणाऱ्याला गप्प करते. ज्यांना ती खोली घरासारखी वाटते त्यांना हे जाणवत नाही. अंधेरी स्टेशनाच्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला दारातच जाणवते.

आणि उपनगरांना कलेच्या जागांचा इतिहास नाही, असे तर कोणी म्हणूच नये. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची शंभरावर लेणी, अंधेरीची महाकाली, जोगेश्वरी, बोरिवलीचे मंडपेश्वर हे सगळे याच जमिनीतले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि भिक्षुणींची नावे आहेत, कल्याण-सोपाऱ्याची नावे आहेत. ते शिल्प राहण्याच्या, शिकण्याच्या, पाणी साठवण्याच्या जागेतच कोरलेले होते. हा मुद्दा मी एवढ्यावरच सोडतो. प्राचीनतेच्या आधारावर आजचा हक्क मागायची गरज नाही.

समकालीन कलेचा मोठा भाग तर आता कॅनव्हासवर नाहीच. चलच्चित्र, ध्वनी, छायाचित्र, छापील कागद, गोळा केलेल्या वस्तू, माणसांबरोबर महिनोन्महिने केलेले काम यांना पांढरी भिंत कित्येकदा अडचणीचीच असते. मुंबईच्या कलावंतांना हे पन्नास वर्षांपूर्वी कळले होते. सत्तरच्या दशकात नवज्योत आणि अल्ताफ हे दोघे चित्रकार प्रोयोम या डाव्या युवक संघटनेत होते, आणि आपली पोस्टरे-चित्रे घेऊन ते माटुंगा लेबर कॅम्पसारख्या कामगार वस्तीत गेले. १९९९ साली सुरू झालेल्या ओपन सर्कल या गटाने, त्यातल्या शर्मिला सामंत आणि तुषार जोग यांनी, शहराच्या रस्त्यालाच कामाची जागा मानले. जोग यांनी पुढे युनिसेल नावाची एक कल्पित सार्वजनिक बांधकाम कचेरीच चालवली. आपल्याकडे ही परंपरा आहे. तिची नोंद मराठीत फार थोडी आहे, आणि म्हणूनच ‘हे सगळे परदेशी खूळ’ असे म्हणणाऱ्यांचे फावते.

ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. रेल्वेचे पूल, लोकलचे डबे, उल्हासनगर, पोखरण अशा जागा आणि तिथली माणसे त्यांनी आयुष्यभर रंगवली. त्या माणसांपर्यंत चित्र पोचत नाही ही खंत त्यांनी बोलून दाखवण्यावर थांबवली नाही. २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय कलावंतांची मूळ चित्रे घेऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरते प्रदर्शन नेले. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर इथल्या लोकांनी छापील प्रतिमा नव्हे, प्रत्यक्ष चित्रे पाहिली. ज्या मोलाच्या चित्रांना विम्याशिवाय हलवत नाहीत ती सोलापूरला जाऊ शकतात, तर घाटकोपरला का जाऊ शकत नाहीत, याचे उत्तर पांढऱ्या भिंतीच्या कैवाऱ्यांनी द्यावे.

इथवर वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक खूश होतील. त्यांना वाटेल, आम्हीही हेच तर करतो. नाही. तुमचे काम वेगळे आहे, आणि माझा मोठा आक्षेप तिथेच आहे.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि असल्फाची टेकडी, जी तोवर फक्त तिथे राहणाऱ्यांना माहीत होती, रोज लाखो प्रवाशांच्या खिडकीत आली. २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी टेकडीवरच्या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या, काहींवर चित्रे काढली. वर्तमानपत्रांनी टेकडीची तुलना इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावाशी केली. रहिवाशांपैकी अनेकांना आनंद झाला, हे खरे आहे आणि त्या आनंदाची मी किंमत करतो. आपले दार उजळले, भिंतीची गळती थोडी झाकली गेली, गल्ली स्वच्छ झाली, पोरांना सुटीत ब्रश हाती धरायला मिळाला. ज्यांनी घाम गाळून हे केले त्यांचा हेतू चांगला होता. माझा वाद हेतूशी नाही. या कामाला कला आणि टेकडीला ‘खुले कलादालन’ म्हटले जाते, आणि त्या नावाखाली खऱ्या प्रदर्शनाची मागणी निकालात निघाल्याचे मानले जाते, याच्याशी आहे.

या टेकडीचा प्रेक्षक कोण? खांबांवरून धावणाऱ्या, वातानुकूलित डब्यात उभा असलेला प्रवासी. त्याला हे दृश्य काही सेकंद दिसते, दुरून, वरून, सबंध. टेकडीवर राहणाऱ्या बाईला ते सबंध कधीच दिसत नाही. तिला समोरच्या घराची एक भिंत दिसते. म्हणजे ज्या कोनातून हे ‘चित्र’ चित्र होते, तो कोन तिचा नाही. तिचे घर चित्राचा एक ठिपका आहे. कलेच्या इतिहासात यजमानाला असे सामान करून टाकणारे प्रदर्शन क्वचितच झाले असेल.

शिवाय दुरून सुंदर दिसणाऱ्या टेकडीचा एक इतिहास आहे आणि तो रंगाखाली जातो. याच घाटकोपरात, आझादनगरला, जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठहून अधिक माणसे मेली. मुंबईतल्या टेकड्यांच्या उतारावर राहणाऱ्या हजारो कुटुंबांना दर पावसाळ्याआधी पालिकेच्या नोटिसा मिळतात. संरक्षक भिंत, पाण्याचा दाब, चढायच्या पायऱ्या, वर रुग्णवाहिका न पोचणे, हे तिथले रोजचे विषय आहेत. समकालीन कलेने या विषयांवर भाषणे द्यावीत असे मी म्हणत नाही. पण तिने निदान त्यांच्याकडे पाठ तरी करू नये. जेआर हा फ्रेंच कलावंत २००९ साली नैरोबीच्या किबेरा वस्तीत गेला. तिथल्या बायकांची मोठी छायाचित्रे त्याने पाणी न झिरपणाऱ्या विनाइलवर छापली आणि त्यांच्याच घरांच्या छपरांवर लावली. दुरून पाहणाऱ्याला डोळे दिसले, आणि खाली राहणाऱ्यांचे छप्पर गळायचे थांबले. जेआरच्या कामावरही पुष्कळ टीका झाली आहे, त्यातली काही योग्य आहे. तरी तिथे घराच्या गरजेचा आणि चित्राचा कुठे तरी मेळ होता. दर मे महिन्यात निळी ताडपत्री विकत घेणाऱ्या मुंबईला यातला फरक समजावून सांगायला नको.

स्टेशनांच्या भिंतींबद्दल फार लिहीत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वयंसेवकांनी उपनगरी स्थानके रंगवली, पानाच्या पिचकाऱ्या काही काळ थांबल्या, चांगले झाले. त्याला स्वच्छता मोहीम म्हणावे आणि दाद द्यावी.

विमानतळाचे प्रकरण मात्र खोल आहे, कारण तिथे खरी कला आहे. सहारचे दुसरे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले तेव्हा राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली ‘जय हे’ नावाचे संग्रहालयच त्यात उभे केले गेले. देशभरातल्या कारागिरांच्या आणि समकालीन कलावंतांच्या पाच हजारांहून अधिक वस्तू, किलोमीटरभर लांबच लांब भिंत. निवड जाणकाराची आहे, मांडणी विचारपूर्वक आहे. कलादालनाबाहेरची जागा म्हणून मुंबई उपनगरांतले हे सर्वांत मोठे उदाहरण. आणि ते मरोळच्या, सहार गावाच्या, विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्त्यांमधल्या माणसांना पाहता येत नाही, कारण आत जायला विमानाचे तिकीट लागते. वस्तू ज्या कारागिरांनी घडवल्या त्यांच्यातल्या बहुतेकांनाही लागेल. जागा अनोखी असली की कला आपोआप लोकांची होते, या समजुतीचे यापेक्षा स्पष्ट खंडन मला माहीत नाही. काळा घोड्याचे दालन निदान फुकट आहे.

मग उपनगरांत खरे प्रदर्शन कशाला म्हणायचे? त्यासाठी पुन्हा घाटकोपरला जावे लागेल, असल्फ्यापासून फार दूर नसलेल्या रमाबाई आंबेडकर नगरला. ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे अवर सिटी’ या चित्रपटात घोगरे गायले होते. या मृत्यूपासून पटवर्धन यांनी पुन्हा चित्रीकरण सुरू केले, ते चौदा वर्षे चालू राहिले, आणि त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून लांब चित्रपट तयार झाला. जानेवारी २०१२ मध्ये त्याचा पहिला जाहीर खेळ झाला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर. नंतर तो वस्त्यावस्त्यांतून दाखवला गेला.

हा चित्रपट आहे, चित्रप्रदर्शन नाही, असे कोणी म्हणेल. समकालीन कलेत ही भिंत केव्हाच पडली आहे; जगातल्या कुठल्याही मोठ्या द्वैवार्षिकात निम्म्या खोल्यांत पडदाच असतो. मला इथे महत्त्वाचे वाटते ते प्रेक्षकाचे स्थान. चाळीच्या पटांगणात सतरंजीवर बसलेली माणसे ही पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची नातेवाईक, शेजारी, कार्यकर्ते. चुकीचे दाखवले असते तर पडद्यासमोर उभे राहून त्यांनी सांगितले असते. तीन तास बसायचे की उठून जायचे हे त्यांनी ठरवायचे होते. चळवळीवरची टीका त्यांना तोंडावर ऐकवली गेली आणि तिच्याशी त्यांनी वादही घातला. काम बनवणारा आणि पाहणारा एकाच जमिनीवर आले की कामाला आपल्या प्रत्येक दृश्याची जबाबदारी घ्यावी लागते. असल्फ्याच्या गुलाबी भिंतीवर कसली हरकत घेणार? रंग आवडला नाही, एवढीच.

अशी कामे संख्येने थोडी आहेत, पण आहेत. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी २००७ साली सुरू केलेल्या कॅम्प या गटाचे काम जगभरच्या संग्रहालयांत दाखवले गेले आहे; २०२५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. याच गटाने मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, म्हणजे प्रकल्पांसाठी हटवलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहतीत, रहिवासी आणि कार्यकर्ते यांच्यासह आर अँड आर नावाची जागा उभी केली. तिथे पुस्तके आहेत, खेळ होतात, चर्चा होतात. बोरिवलीत श्रेयस कर्ले आणि हेमाली भुता या कलावंतांनी कोना ही संस्था चालवली आणि तरुण कलावंतांना राहत्या वस्तीत काम करायला, बोलायला जागा दिली. उपनगराच्या वेशीवर, धारावीत, फेब्रुवारी-मार्च २०१५ मध्ये स्नेहा या आरोग्यसंस्थेने अ‍ॅली गल्ली द्वैवार्षिक भरवले, ज्यात आरोग्य आणि हिंसा या विषयांवर स्थानिकांनीच कलावंतांसोबत कामे केली आणि ती त्याच गल्ल्यांत दाखवली गेली.

इथे कलावर्तुळातला ठरलेला शेरा येतो: हे समाजकार्य आहे, कला नाही. या शेऱ्याचा मला राग येतो, पण त्यात एक खरा धोका दडलेला आहे हेही मानतो. वस्तीत दाखवले म्हणून कामाला सवलत मिळू लागली तर ते वस्तीचाच अपमान करते. ढिसाळ आरेखन, उसना आशय, कार्यशाळेत दोन दिवसांत उरकलेली कोलाजे, त्यांवर टाळ्या. हे मी पाहिले आहे आणि ते वाईट आहे. मंडईत लावलेले वाईट चित्र वाईटच. म्हणून अशा प्रदर्शनांना समीक्षकाने गेलेच पाहिजे आणि जहांगीरमधल्या कामाला लावतो तीच कसोटी लावली पाहिजे. रेषा काय करते, अवकाश कसा हाताळला आहे, प्रतिमा कुठून आली, काय गाळले गेले, हे विचारले पाहिजे. मराठी वर्तमानपत्रांनी कलासमीक्षेचे स्तंभ जवळजवळ बंद केले, त्यामुळे ही कामे ना झोडपली जातात ना नावाजली जातात. ‘समाजकार्य’ म्हणून बाजूला ठेवणे ही टीका नव्हे, टीका करण्याचे टाळणे आहे.

आणि सर्वांत जुना आक्षेप: लोकांना समकालीन कला कळत नाही. हे ज्या प्रांतात म्हटले जाते तिथे दर भाद्रपदात लाखो माणसे देखावे पाहायला रांगा लावतात. देखावा म्हणजे काय असतो? दिलेल्या जागेत, बांबू-कापड-प्रकाश-ध्वनी वापरून, ठरावीक काळापुरती उभी केलेली आणि मग मोडून टाकलेली, एखाद्या चालू विषयावर काही सांगू पाहणारी रचना. कलेच्या पाठ्यपुस्तकात मांडणशिल्पाची जी लक्षणे असतात ती सगळी यात आहेत. भ्रूणहत्या, शेतकरी आत्महत्या, गिरणगावाचा अंत या विषयांवर मंडळांनी देखावे केले आहेत. त्यातले पुष्कळ भडक आणि उपदेशी असतात, मान्य. पण पाहणारे ध्वनिमुद्रित निवेदन शेवटपर्यंत ऐकतात, विषयावर बोलतात, गेल्या वर्षीच्या कामाशी तुलना करतात. २०२२ साली कल्याणच्या विजय तरुण मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला तेव्हा पोलिसांनी तो चतुर्थीच्या दिवशीच जप्त केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. काळा घोड्याच्या किती मांडणशिल्पांना सत्तेने इतक्या गांभीर्याने घेतले? ज्या जागेत बोललेले सरकारला ऐकू येते त्या जागेला कलेने कमी लेखू नये.

माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. उपनगरांत महापालिकेने कोट्यवधी खर्चून एखादे भव्य कलादालन बांधावे, त्याच्या उद्घाटनाला मंत्री यावा आणि नंतर तिथे हस्तकलेची विक्रीप्रदर्शने भरावीत, याने काही साधणार नाही. जागा आहेत. मुलुंड, पार्ले, बोरिवलीच्या नाट्यगृहांबाहेरची दालने आहेत, जिथे प्रयोगाआधी आणि मध्यंतरात शेकडो माणसे वडा खात उभी असतात आणि समोरच्या भिंतीवर जाहिराती असतात. पटसंख्या घसरल्याने कुलूप लागलेले महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग आहेत, मोठ्या खिडक्यांचे, उंच छताचे. प्रत्येक सोसायटीत हॉल आहे. अटी मात्र ठाम हव्यात. वेळ संध्याकाळी सहा ते दहा. चित्राशेजारची माहिती मराठीत, आणि घाटकोपर-मुलुंडला गुजरातीतही. केवळ इंग्रजीत नाही. कलावंताला मानधन, कारण ‘प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नव्हे. कलाकृतीच्या आसपास प्रायोजकाचा फलक नाही. रोज संध्याकाळी कलावंत किंवा कामाची माहिती असलेला कोणी तरी हजर. आणि जागा ज्यांची आहे त्या रहिवाशांना आधी काम दाखवून त्यांची संमती, नाकारायच्या हक्कासह.

नासधुशीची भीती घालणाऱ्यांनी मंडळाचे कार्यकर्ते दहा रात्री मांडवात पहारा कसा देतात ते पाहून यावे.

वर्षात एक पंधरवडाही सहज मिळण्याजोगा आहे. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. लग्ने नसतात, मुंजी नसतात, वास्तुशांती नसतात. उपनगरांतली मंगल कार्यालये रिकामी असतात, मांडववाले आणि दिवेवाले बसून असतात, भाडे उतरते, पाऊसही कमी होत आलेला असतो. मैदानातल्या काही मंडळांचे सांगाडे नवरात्रासाठी तसेच उभे असतात. या काळात नवे काही सुरू करू नये ही लोकांची भावना आहे आणि तिला धक्का लावायची गरज नाही, कारण गेलेल्यांची आठवण काढण्याचा हा काळ आहे आणि समकालीन कलेचा मोठा भाग तेच करतो. रमाबाई नगरातले दहा जण, आझादनगरच्या दरडीखालचे, बंद पडलेल्या शाळा, भरून टाकलेल्या खाड्या यांवर काम केलेले कलावंत या शहरात आहेत. घाटकोपरला एक कार्यालय, मुलुंडच्या नाट्यगृहाचे दालन, बोरिवलीतल्या शाळेचे चार वर्ग आणि अंधेरीला मैदानातला एक मांडव, एवढ्यावर सुरुवात करता येईल. वॉर्ड ऑफिसातला अर्ज मात्र जूनमध्येच द्यायला हवा. जुलैपासून तिथे गणेशोत्सवाच्या मांडवांच्या परवानग्यांची गर्दी सुरू होते.